रविवारची यादी

(पडद्यावर: दोन्ही बाजूंनी ऊस, मधून जाणारा धुळीचा रस्ता.)

मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. देश एवढासा, की आपल्या महाराष्ट्रात असे चौदा बसतील. हा रस्ता आगिलारेसहून एल पायस्नालला जातो. १२ मार्च १९७७ च्या संध्याकाळी फादर रुतिलियो ग्रांदे मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, याच रस्त्याने निघाले होते. गाडीत सोबतीला ७२ वर्षांचे मानुएल सोलोर्सानो आणि नेल्सन लेमुस हा मिसरूडही न फुटलेला मुलगा. वाटेत बंदुका चालल्या. तिघेही जागीच गेले.

ग्रांदे जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचे होते. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी काढलं, तोच हा संघ. आगिलारेसच्या ऊसपट्ट्यात त्यांनी शेतमजुरांना एकत्र बसवून बायबल वाचायला लावलं. वाचता वाचता मजूर मजुरीचा हिशेब विचारू लागले. जमीनदारांना एवढं पुरे झालं.

ऑस्कर रोमेरो यांना सान साल्वादोरचे आर्चबिशप होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पुस्तकांत रमणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस, म्हणून श्रीमंत घराण्यांना ही नेमणूक पसंत पडली होती. ग्रांदे त्यांचे जुने मित्र. त्यांच्या हत्येनंतरच्या २० मार्चच्या रविवारी रोमेरोंनी साऱ्या धर्मप्रांतातल्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. सरकारला कळवलं, की या खुनाचा तपास लागेपर्यंत सरकारी समारंभाला येणार नाही. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही ते गेले नाहीत.

(पडद्यावर: छापील पत्रकं.)

याच सुमारास राजधानीत पत्रकं फिरू लागली. मजकूर एका ओळीचा: ‘देशभक्त व्हा, एक पाद्री मारा.’

मे महिन्यात गनिमांनी, म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र बंडखोरांनी, पळवून नेलेल्या परराष्ट्रमंत्र्यांचा मृतदेह सापडला. त्याचा सूड म्हणून दुसऱ्याच दिवशी फादर आल्फोन्सो नावार्रो यांना गोळ्या घातल्या गेल्या. ही जबाबदारी मिरवणाऱ्या टोळीचं नाव ‘श्वेत योद्धा संघ’. जूनमध्ये तिने देशातल्या सगळ्या जेझुइटांना महिन्याभराची मुदत दिली. २० जुलैपर्यंत देश सोडा, नाहीतर एकेकाला संपवू. घरमालक भाडेकरूला नोटीस देतो ना, तसा सगळा कारभार: तारीख घालून, क्रमांक टाकून. चोरून मारणाऱ्याला तारीख जाहीर करायची गरज नसते. तारीख असते ती बाकीच्यांनी वाचावी म्हणून.

जेझुइट गेले नाहीत. रोममधून त्यांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनीही ते जाणार नाहीत असंच सांगितलं. जगभरातून दबाव आला तेव्हा सरकारने त्यांच्या घरांभोवती पहारा बसवला. २१ जुलै उजाडला आणि सगळे जिवंत होते. हा भाग सांगायचा सहसा राहून जातो. बाहेरच्या जगाची नजर असली, तर धमकी कधीकधी फुकटही जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. देवळात बसून शांतीवर बोलणाऱ्या पाद्र्याला कुणी मारत नाही. रोमेरोंवर डोळा गेला तो एका यादीमुळे.

(पडद्यावर: टेबलं, फायली, बाकावर बसलेल्या बायका.)

आर्चबिशपांच्या छत्राखाली ‘सोकोरो हुरिदिको’ हे कायदेशीर मदतीचं कार्यालय चालायचं. नवरा सापडत नाही, मुलाला ट्रकमध्ये कोंबून नेलं, असं सांगत खेड्यापाड्यातून बायका यायच्या. कार्यालयातले तरुण वकील ते उतरवून घ्यायचे. कोण, कुठून, कोणत्या दिवशी, कुणी नेलं. आठवडाभर जमलेलं हे सगळं रविवारी रोमेरोंच्या हातात असायचं. प्रवचनाच्या शेवटी-शेवटी ते वाचून दाखवायचे. विशेषणं कमी. नाव, गाव, तारीख. पुढचं नाव.

चर्चच्या मालकीच्या ‘वाय-एस-ए-एक्स’ रेडिओवरून हे देशभर जायचं. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते रेडिओवर ऐकू येत होतं, म्हणून लोक कानात प्राण आणून ऐकत. यादीत गनिमांनी केलेली अपहरणं आणि खूनही असत, त्यांचाही निषेध होत असे. तरीही रोमेरोंना ‘कम्युनिस्ट’ ठरवलं गेलं. अशा माणसाला दोन्ही बाजू मोजतो म्हणून कुणी श्रेय देत नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये रेडिओचं ट्रान्समीटर बॉम्बने उडवलं. त्याच महिन्यात रोमेरोंनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून साल्वादोरच्या लष्कराला मदत देऊ नका अशी विनंती केली. १० मार्चला एका चर्चमध्ये प्रवचनपीठाजवळ न फुटलेला बॉम्ब असलेली बॅग सापडली. रोमेरोंनी तिथे आदल्याच दिवशी मिस्सा केली होती. त्यानंतर आपल्यापायी दुसऱ्यांचा जीव जाऊ नये म्हणून ते सोबत्यांना दूर ठेवू लागले.

२३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी थेट साध्या शिपायांना हाक घातली. तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारता आहात. देवाच्या कायद्याविरुद्धचा हुकूम पाळायला कुणीही बांधील नाही. शेवटी म्हणाले, ‘देवाच्या नावाने मी तुम्हाला हुकूम देतो, हा जुलूम थांबवा.’

दुसऱ्या दिवशी ते कॅन्सर रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये एका बाईंच्या वर्षश्राद्धाची मिस्सा करणार होते. पेपरात तशी जाहिरातच होती, वेळेसकट. दारासमोर लाल फोक्सवॅगन थांबली. एकच गोळी. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली या खुनाचा हुकूम दिल्याबद्दल माजी मेजर रोबेर्तो दोब्विसोन यांचं नाव घेतलं. ते आदल्याच वर्षी आजाराने वारले होते.

(पडद्यावर: विद्यापीठाचं आवार, गुलाबाचे ताटवे.)

पुढची बारा वर्षं सरकार आणि गनीम यांच्यात युद्ध चाललं. सुमारे ७५ हजार माणसं मेली.

नोव्हेंबर १९८९ मध्ये गनिमांनी राजधानीवर चाल केली, तेव्हा धमकी पत्रकातून आली नाही, लष्कराच्या ताब्यातल्या रेडिओवरून आली. लोकांचे फोन थेट प्रसारित होत होते. त्यात जेझुइटांच्या विद्यापीठाचे रेक्टर इग्नासियो एयाकुरिया यांचं मुंडकं उडवा अशी मागणी झाली. सरकार आणि गनीम यांनी बोलणी करावीत असा आग्रह धरणारे ते गृहस्थ. १६ तारखेच्या पहाटेपूर्वी आत्लाकात्ल बटालियनचे जवान आवारात शिरले आणि एयाकुरियांसह सहा जेझुइटांना त्यांनी ठार केलं. त्यातले सेगुंदो मोंतेस विद्यापीठाची मानवी हक्क संस्था चालवत. स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची मुलगी सेलिना गोळीबारापासून सुरक्षित म्हणून त्या रात्री तिथेच झोपल्या होत्या. साक्षीदार नको म्हणून त्यांनाही सोडलं नाही. निघताना जवानांनी पाटी लिहिली, की हे काम गनिमांचं. आता तिथे गुलाब आहेत. ते एल्बाच्या नवऱ्याने लावले.

त्याच दिवसांत लष्कराने लुथरन बिशप मेदार्दो गोमेस यांच्या चर्चमधला पांढरा क्रूस जप्त केला. लोकांनी त्यावर समाजाची पापं लिहिली होती. फौजेच्या लेखी ते देशद्रोही साहित्य होतं. गुन्ह्याचा पुरावा म्हणून क्रूस उचलून नेणं सरकारी कारभारातच सुचावं.

सत्यशोधन आयोगाचा अहवाल आल्यावर पाचच दिवसांत संसदेने युद्धातल्या गुन्ह्यांना माफी देणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. जेझुइटांच्या खटल्यात २०२० साली माद्रिदच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेन्ते मोंतानो यांना १३३ वर्षांची शिक्षा सुनावली. रोमेरो २०१८ साली संत झाले, पण त्यांच्या खुनासाठी फौजदारी शिक्षा कुणालाच झालेली नाही.

आणि ती यादी? तिचा वारसा आर्चबिशपांच्याच ‘तुतेला लेगाल’ या कार्यालयाकडे होता. युद्धकाळातल्या हजारो कागदांचा साठा तिथे होता. ३० सप्टेंबर २०१३ च्या सकाळी कर्मचारी कामावर आले, तर कुलपं बदललेली. या वेळी बॉम्ब लागला नाही. कार्यालय बंद करण्याचा निर्णय खुद्द आर्चबिशपांच्या कचेरीचा होता. काढून टाकलेल्या माणसांनी पुढे त्यांच्या दिवंगत प्रमुख मारिया हुलिया एर्नांदेस यांच्या नावाने वेगळी संस्था काढली, आणि साक्षी नोंदवण्याचं काम पुन्हा चालू केलं.