२५००के ओव्हरक्लॉक करताना मी ४.२ वरच का थांबतो

नमस्कार मंडळी. टेबलावर हे उघडं कॅबिनेट दिसतंय ना, त्यात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के बसलेला आहे. जानेवारी २०११मध्ये आलेला प्रोसेसर. चार कोअर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे गरज पडली की आपोआप वाढून, ३.७. माझा अजून रोज चालतो आणि ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर नेऊन, ४.२ गिगाहर्ट्झवर चालतो. तो ४.५ वरही जातो, मी करून पाहिलंय. तरी मी ४.२ वर का थांबलो, ते आज सांगतो.

आधी तुमचं सामान तपासा. नावाच्या शेवटी 'के' हवा आणि मदरबोर्ड पी६७, झेड६८ किंवा झेड७७ चिपसेटचा हवा. असेंबल्ड पीसीत एच६१ बोर्ड खूप दिसतो, त्यावर मल्टिप्लायर, म्हणजे मूळ ठोक्याला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा, वाढवता येत नाही. मग काही जण बेस क्लॉकच्या, म्हणजे त्या मूळ ठोक्याच्याच, मागे लागतात. कृपा करून लागू नका. या पिढीत तो १०० मेगाहर्ट्झचा ठोका पीसीआय एक्सप्रेस आणि साटा या ग्राफिक्स कार्ड नि डिस्कच्या जोडण्यांनाही जातो. पाच-सहा मेगाहर्ट्झ वाढवले की हार्ड डिस्कवरचा डेटा धोक्यात. बेस क्लॉक १००च ठेवा, मल्टिप्लायर ४२ करा. १०० गुणिले ४२, झाले ४२०० मेगाहर्ट्झ. वेगाचं गणित इतकंच.

खरं गणित उष्णतेचं आहे. (फळ्यावर लिहीत) प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरण घेऊ. ३.७ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागतात असं धरा. ४.२ साठी १.२५ दिले, तर वेग साडेतेरा टक्के वाढला आणि वीज साधारण २३ टक्के. आता ४.६ साठी १.४० द्या. वेग २४ टक्के वाढला, वीज जवळपास ६९ टक्के! हे सगळं शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतं, आणि जुन्या बोर्डचा व्होल्टेज पुरवणारा भाग आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ते सोसत राहतात. त्यांचं वयही प्रोसेसरएवढंच झालेलं असतं, हे आपण विसरतो.

म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेल्यावर व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. मल्टिप्लायर वाढवला की बरेच बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. ते स्वतः भरा. प्रत्येक चिपची कुंडली वेगळी असते, त्यामुळे माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका. १.२० पासून सुरू करा, एका वेळी ०.०१ वाढवा. रोजच्या वापरासाठी १.३० ही मी स्वतःला घातलेली मर्यादा आहे. रॅमला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुठे झाली ते कळत नाही. स्पीडस्टेप चालू राहू द्या, म्हणजे रिकामा असताना प्रोसेसर १६०० मेगाहर्ट्झवर उतरतो.

पण हे सगळं करण्याआधी दोन कामं. एक, बॅकअप, आणि तोही दुसऱ्या डिस्कवर. मशीन बंद पडलं तर निदान दिसतं. अस्थिर प्रोसेसर चुकीची बेरीज करून गुपचूप फाइल बिघडवतो, ते दिसत नाही. दुसरं, प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक काढा. त्याखालची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडू झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट घाला. प्रोसेसरसोबत आलेला तो बुटका कूलर असेल, तर ओव्हरक्लॉकिंगच्या नादाला लागू नका. आधी उंच टॉवर कूलर घ्या.

मग चाचणी. एका बाजूला तापमान दाखवणारं कोअर टेम्प उघडं ठेवायचं, दुसरीकडे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं प्राइम९५ लावायचं. पहिली दहा मिनिटं जागेवरून उठू नका. हा प्रोसेसर साधारण ९८ अंशांना स्वतःच वेग कमी करून घेतो, पण तिथवर जायचंच नाही. ८० दिसलं की मी थांबतो. प्राइम९५चा एखादा वर्कर (त्यातलं एक चालू गणित) चूक दाखवून थांबला किंवा निळा स्क्रीन आला, तर व्होल्टेज एक पायरी वाढवा नाहीतर मल्टिप्लायर एकाने कमी करा. मी मल्टिप्लायर कमी करतो. आणि मशीन सुरूच झालं नाही, तर घाबरू नका: वीज काढा, मदरबोर्डवरचा सीमॉस क्लिअरचा, म्हणजे साठवलेली सेटिंग पुसणारा, जंपर वापरा, बायोस मूळ पदावर येतो.

आता ४.५ ची गोष्ट. डिसेंबरात अकोल्यात माझ्या खोलीत २४ अंश होते. ४.५ वर प्राइम९५ रात्रभर चाललं, तापमान ७४. मी खूश. मे महिन्यात त्याच खोलीत दुपारी ३९ अंश. हवेचे ते पंधरा अंश जवळजवळ जसेच्या तसे प्रोसेसरवर चढतात. व्हिडिओ रेंडर करताना ९० दिसलं आणि मशीन अडकलं. तीन तासांचं काम गेलं. कूलर तोच, पेस्ट तीच, सेटिंगही तेच; बदललं होतं फक्त बाहेरचं ऊन.

तेव्हापासून सेटिंग पक्कं करायची माझी चाचणी मे महिन्यात, दुपारी तीनला होते. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवली आहेत. एप्रिल उजाडला की ४.०, आणि पहिला दमदार पाऊस झाला की परत ४.२.