ठाण्याची गाडी, कल्याणची तपासणी

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी)
१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, निघाला आणि हिवाळ्यात गिरण्यांतली माणसं गावाकडे पळू लागली. वळकटी, ट्रंक, कडेवर पोर. कोकणातले बोटीने, देशावरचे या रेल्वेने.

(दृश्य: खाडीपूल, कळव्याकडे जाणारी लोकल)
ठाण्याची खाडी ओलांडली की पुढे कल्याण. पुण्याची आणि नाशिकची लाईन तिथेच फुटते, म्हणजे घाट चढणारा प्रत्येक जण कल्याणला हाती लागणार. म्हणून तपासणीही तिथेच बसवली. माणसं फलाटावर रांगेत उभी. डॉक्टर नाडी बघणार, जीभ बघणार, मग काखेत आणि जांघेत गाठ चाचपणार. बायकांच्या तपासणीवरून तर सगळीकडेच संताप होता. नुसता संशय आला तरी माणूस परत गाडीत चढत नसे, त्याला वेगळं काढत. मद्रास इलाख्यात प्रवाशाच्या हाती 'प्लेग पासपोर्ट' देत आणि दहा दिवस रोज हजेरी घेत.

(दृश्य: कायद्याचं छापील पान, जवळून)
हे पान नीट बघा. ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा, अख्खा चार कलमांचा. नेहमीचे कायदे अपुरे वाटले की सरकारने हवे ते नियम करावेत, रेल्वेतल्या माणसाला तपासावं, अलग ठेवावं, हे दुसरं कलम. नियम मोडला तर शिक्षा, हे तिसरं. चौथं एका वाक्याचं: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे फलाटावर अब्रू गेली तरी दाद मागायची सोय नाही.

पुण्यात प्लेगचे रोगी शोधायला घराघरांत गोरे सोजीर शिरले, २२ जून १८९७ला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, चापेकर बंधू फासावर गेले.

(दृश्य: २०२०, मुलुंड चेकनाका, नाकाबंदी)
दुधाच्या टेम्पोच्या काचेला आतून चिकटवलेला कागद: 'अत्यावश्यक सेवा'. १३ मार्चला महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला, २३ मार्चला संचारबंदी आली. १५ जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पास कोण देणार? तिचं काम बंद, पगारही बंद.

त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली, ती हवीच होती. चौथं कलम मात्र तसंच राहिलं.