गडावर नाही, गडातच राहणारं गाव : पन्हाळा

वाघबीळचा फाटा सोडून आपण वर चाललोय, कोल्हापूर वीसेक किलोमीटर मागं राहिलंय. वळणं संपली की नाका लागतो, पावती फाडायची आणि आत शिरायचं. पहिल्यांदा येणारा हमखास इथंच गंडतो, कारण तो किल्ल्याचा दरवाजा शोधत असतो आणि दरवाजा काही दिसत नाही, एकदम हॉटेलं, घोडी, मक्याची कणसं आणि सरकारी ऑफिसंच सुरू!

दरवाजा होता की. चार दरवाजा म्हणायचे त्याला. 1844 ला गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्या लोकांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायला निघाले म्हटल्यावर कोण गप्प बसणार. सामानगड पेटला, मग पन्हाळा पेटला, आणि या पठ्ठ्यांनी कर्नल ओव्हान्स नावाच्या बड्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून इथंच कोंडून ठेवलं. डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला, गड घेतला आणि चार दरवाजाही पाडून टाकला. आज आपली गाडी जाते ती तिथूनच.

सिद्दी जौहरचा वेढा, 1660 सालची पावसाळी रात्र, पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यामुळं ते परत सांगत बसत नाही. पण वेढा चार महिने चालला, तेवढे दिवस आतली माणसं खात काय होती?

त्यासाठी अंबरखान्यात या. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं. बाहेरच्या बाजूनं दगडी पायऱ्या चढून छतावर जायचं आणि छताला ठेवलेल्या भोकांतून धान्य आत ओतायचं. आत उभं राहून वर बघा, त्या भोकातून उजेडाचा एक गोल खाली पडलेला दिसतो. भिंती एवढ्या जाड की भर मे महिन्यात पण आत गारवा. पाण्यासाठी अंधारबाव, म्हणजे तीन मजली विहीरच. वरून बघाल तर साधी इमारत वाटेल, शत्रूला कळूच नये अशी.

गड मूळचा शिलाहारांचा, राजा भोज दुसरा याच्या काळातला. पुढं ताराराणींनी करवीरची गादी इथंच मांडली आणि 1782 ला राजधानी खाली कोल्हापुरात गेली. उंची साधारण 3200 फूट, सात किलोमीटरच्या वर तटबंदी, तीही बऱ्याच ठिकाणी नुसता तासलेला कडाच. समोर जोतिबाचा डोंगर. आणि हो, कवी मोरोपंत जन्मले ते इथंच, 1729 साली, बारामतीला गेले ते नंतर.

आता लोकसंख्या. 2001 च्या जनगणनेत 3450, 2011 ला 3121. म्हणजे वाढायच्या ऐवजी घटली! पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं निघतील, तरी इथं स्वतःची नगरपरिषद आहे, तालुक्याचं ठिकाण आहे, कोर्ट-कचेरी सगळं आहे. रविवारी झुणका-भाकरीच्या चुलींभोवती पर्यटकांचीच गर्दी, गाववाला शोधावा लागतो.

2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत नाव आलं. गावाला आनंद झालाच, पण त्याच्या आधीपासून धास्ती पण होती, की उद्या घराची भिंत बांधायची तरी परमिशन मिळेल का? इथं प्रत्येकाचं अंगण किल्ल्यातच येतं ना.

आणि 2021 च्या जुलैत पावसानं नाक्याजवळचा रस्ताच खचला. चार दरवाजाच्या जागेवरून येणारी ती गाडीवाट तेव्हा काही काळ बंद पडली, आणि साहेब असो की शाळकरी पोरगं, वर यायचं तर चालतच यायला लागलं.