उन्हाला बटण नसतं

श्रोतेहो, नमस्कार. घरातली विजेची बारीकसारीक कामं स्वतःच्या हातानं करणारी पुष्कळ मंडळी आत्ता ऐकत असतील. मेन पाडायचा, टेस्टरनं बघायचं आणि मगच स्विचला हात लावायचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण गच्चीवर सौर पॅनेल आली की एवढ्यानं भागत नाही. पॅनेलला बटण नसतं. उजेड पडला की ते वीज देणारच, खालचा मेन चालू असो की बंद.

हे मी आणि माझे मामा एकाच सकाळी शिकलो. मामांनी उभी हयात मोटारी रिवाइंड करण्यात घालवली. विजेची भीड त्यांना कधी वाटली नाही, पण निष्काळजीपणाही कधी नाही. त्यांच्या गच्चीवर दहा पॅनेल एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेली. एक दिवस जिन्याजवळच्या डीसीच्या डब्यातून, म्हणजे पॅनेलची एकाच दिशेनं वाहणारी वीज जिथं येते तिथून, जळकट वास यायला लागला. झाकण काढलं तर एका स्क्रूपाशी वायरचं आवरण तपकिरी पडून कडक झालेलं. स्क्रू सैल राहिला होता. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो.

आभाळ भरून आलं होतं, ऊन नावालाही नव्हतं. मामांनी मेन पाडला, पॅनेलची वीज घरासाठी बदलून देणारा इन्व्हर्टर बंद केला, त्याचा पडदा काळा झाला. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया पॅनेलकडून येणाऱ्या वायरींना लावल्या. शून्य. "बघ, काही नाही," म्हणाले आणि जळकी टोकं एका घावात छाटायला त्यांनी पक्कड उचलली.

माझं लक्ष मीटरच्या खटक्याकडे गेलं. तो एसीवर, म्हणजे घरातल्या दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर होता. जन्मभर एसी मोजलेला माणूस, हात आपोआप तिथंच गेला होता. म्हटलं, "मामा, एकदा डीसीवर बघू या." त्यांनी खटका फिरवला, सुया पुन्हा टेकवल्या.

372 व्होल्ट.

मामांनी पक्कड हळूच खाली ठेवली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "चल, खाली जाऊ. काम संध्याकाळी." सूर्य मावळून पुरता अंधार पडल्यावर आम्ही टॉर्च घेऊन वर गेलो, डीसीवर मोजलं, शून्य पाहिलं आणि मग टोकं छाटून नवीन जोड बसवला. मामांच्या मीटरवर डीसीच्या खुणेशी त्या दिवसापासून लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. मामींनी लावलेला.

ढगाळ हवेत एवढे व्होल्ट कसे? एका पॅनेलचे साधारण 40, दहांचे 400 च्या घरात. ढग आले की अँपिअर उतरतात, व्होल्ट फारसे उतरत नाहीत. पुन्हा सांगतो, अँपिअर उतरतात, व्होल्ट नाही. शिवाय 50 हर्ट्झची एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी तुटायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी ताणली जाते आणि जळतच राहते. म्हणून प्रवाह चालू असताना पॅनेलचा कनेक्टर कधीही ओढू नका.

मीटर आधी एखाद्या सेलवर लावून बघा, मग कामाच्या जागी, मग परत सेलवर. आधी सेल, मग जागा, पुन्हा सेल. म्हणजे शून्य दिसलं ते खरं शून्य. शाळेत ओहमचा नियम पाठ करून घेतात, पण मुलांच्या हाती मल्टिमीटर देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दहा वर्षांच्या मुलीला सेल मोजायला द्या, ती घरातले सगळे रिमोट उघडून बसेल. बसू द्या.

इन्व्हर्टर उघडणं आणि बाहेरच्या वीजवाहिनीला जोडणं ही कामं मात्र परवानाधारक माणसाचीच. बाहेरची वीज गेली की वाहिनीला जोडलेला इन्व्हर्टर आपणहून थांबतो. तारेवर कुणी काम करत असेल, त्याचा जीव वाचावा म्हणून. त्यावर पळवाट काढू नका.

तुमच्या हातची कामं दोन. काच धुणं, तेही सकाळी ती गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आणि सावली शोधणं. पाण्याच्या पाइपाची सावली एका पॅनेलवर पडली तरी उत्पादन चांगलंच घसरू शकतं, कारण सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. येत्या सुटीला सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता गच्चीवर एकेक चक्कर मारा, सावलीच्या कडेला खडूनं रेघ ओढा. थंडीत सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात, तेव्हा हेच पुन्हा करा. नमस्कार.