पाटणचा मठ आणि चार कोटी अंकांची मूळसंख्या

[दृश्य: चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणारा रस्ता, समोर डोंगररांग]

निवेदन:
हे पाटण. खानदेशात बहुतेक लोक इथे येतात ते देवीच्या दर्शनाला. आपण आलोय एका शिलालेखासाठी. शके ११२८ मधला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानं आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याची ही नोंद. आजोबा म्हणजे भास्कराचार्य.

लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. गावात जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे मठाला पळी पळी तेल! गणिताच्या शिकवणीला बाजारपेठेचा हातभार होता.

[दृश्य: पडद्यावर आकडे उमटतात]

आता ऑक्टोबर २०२४. ल्यूक ड्युरांट या अमेरिकी संशोधकाच्या प्रकल्पात एक मूळसंख्या सापडली. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि एक वजा करायचा. उत्तरात ४,१०,२४,३२० अंक. सेकंदाला एक अंक वाचत रात्रंदिवस बसलं, तरी सव्वा वर्षाहून जास्त लागेल.

ही मर्सेन जातीची, म्हणजे दोनाचा घात वजा एक अशा रूपातली, ज्ञात असलेली ५२ वी. घातांक मूळसंख्या असला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७. तो २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघतो.

मग एवढी मोठी संख्या तपासायची कशी? भागून बघण्यात जन्म जातील. इथे ल्यूका आणि लेमर या गणितज्ञांची कसोटी कामी येते. चारापासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा. ४, १४, १९४...

[दृश्य: फळ्यावर खडूनं गणित]

भास्कराचार्यांच्या बीजगणितात ‘वर्गप्रकृती’ आहे: एका संख्येच्या वर्गाला ठरावीक आकड्यानं, म्हणजे ‘प्रकृती’नं, गुणून एक मिळवला की पुन्हा वर्गच यावा, अशा जोड्या शोधायच्या. प्रकृती ३ घ्या. एकाचा वर्ग तिप्पट करून एक मिळवला की ४, म्हणजे दोनाचा वर्ग. कनिष्ठ मूळ १, ज्येष्ठ मूळ २. या जोडीची तिच्याशीच ‘भावना’ केली, म्हणजे दोन जोड्यांतून नवी जोडी काढायची रीत लावली, की ४ आणि ७ मिळतात. पुन्हा केली, की ५६ आणि ९७. ज्येष्ठ मुळं २, ७, ९७. दुप्पट करा: ४, १४, १९४. तीच माळ!

भावना मुळात ब्रह्मगुप्ताची, इ.स. ६२८ मधली. भास्कराचार्यांनी तिच्या जोडीनं अशी कोडी सोडवायची चक्रवाल पद्धत मांडली. मर्सेन संख्यांची कसोटी त्यांना ठाऊक होती, असा दावा करायचं कारण नाही. ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. पण तिच्या पोटात चालणारी क्रिया मात्र हीच.

ड्युरांटच्या संख्येसाठी ही क्रिया साडेतेरा कोटींहून जास्त वेळा करावी लागली, ग्राफिक्स प्रोसेसरवर. दर पायरीला त्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. शेवटची बाकी शून्य आली, तर संख्या मूळ.

तुम्हाला कागदावर करायचं असेल, तर १२७ घ्या, म्हणजे दोनाचा सातवा घात वजा एक. चारानंतर पाच पायऱ्या. १९४ मधून १२७ गेले, राहिले ६७. तिथून पुढे तुमचं तुम्ही करा. उत्तरं पडताळायला: ४, १४, ६७, ४२, १११, शून्य.