प्रकाश ढवळता येत नाही

मंडळी, सूक्ष्मशैवाल वाढवायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: दिवा किती मोठा लावायचा? मी म्हणतो, आधी एकेका पेशीच्या वाट्याला किती प्रकाश येतोय ते पाहा.

नायट्रेट घाला, फॉस्फेट घाला, कार्बन डायऑक्साइड सोडा. ढवळलं की सगळीकडे सारखं पसरतं. प्रकाश ढवळता येत नाही. समजा, कल्चर, म्हणजे शैवाल वाढतंय ते पाणी, इतकं दाट आहे की दर सेंटिमीटरला प्रकाश निम्मा होतो. भर दुपारचं ऊन म्हणजे दर चौरस मीटरला दर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल फोटॉन (फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण, मायक्रोमोल हे ते मोजायचं एकक). तीन सेंटिमीटर आत त्यातले २५० उरतात, सातवर पंधरा-सोळा, दहावर जेमतेम दोन. काचेजवळची पेशी होरपळतेय आणि चार बोटं आतली अंधारात साठवलेलं खाऊन दिवस काढतेय, एकाच टाकीत.

बऱ्याच शैवालांचं पोट १०० ते ३०० मायक्रोमोलमध्येच भरतं. वरचा प्रकाश उष्णतेच्या रूपात टाकून द्यावा लागतो. तेही झेपेनासं झालं की फोटोसिस्टिम-२ मधलं, म्हणजे पेशीतल्या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं, डी-१ प्रथिन मोडायला लागतं. पेशी ते सतत दुरुस्त करते, पण मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की वाढ थांबते. सुरुवातीला मी पातळ कल्चरवर पहिल्याच दिवशी सगळे दिवे लावले होते. तिसऱ्या दिवशी हिरवा रंग उतरून फ्लास्क पिवळट झाला, तळाशी फिकट साका. तेव्हापासून नव्या कल्चरला आधी मंद उजेड, आणि ते दाटेल तसा वाढवत नेतो.

आता ढवळण्याबद्दल, कारण इथे गैरसमज फार आहेत. १९३२ साली इमर्सन आणि अर्नोल्ड या शास्त्रज्ञांनी क्लोरेला शैवालावर अतिशय छोटे प्रकाशाचे झोत सोडले. दोन झोतांमध्ये सेकंदाच्या काही शतांशांचा अंधार मिळाला, की प्रत्येक झोताचा पूर्ण उपयोग होत होता. प्रकाश पकडणं क्षणात होतं, पुढची रसायनक्रिया सावकाश चालते. मधला अंधार तिला वेळ देतो. मला हा प्रयोग आजही विलक्षण वाटतो. पण म्हणून जोरात बुडबुडे सोडले की तसंच घडेल असं नाही. साध्या टाकीत पेशीला उजेडातून अंधारात जाऊन परत यायला बहुधा काही सेकंद लागतात. ढवळण्याने पेशींची पाळी बदलते, चिकटून थर धरत नाही, ऑक्सिजन बाहेर पडतो. हे सगळं हवंच. टाकीची जाडी कमी ठेवण्याला मात्र तो पर्याय नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. क्लोरोफिल निळा आणि तांबडा प्रकाश पटकन शोषतं, म्हणून तो पृष्ठभागाशीच संपतो. हिरवा जरा खोल जातो. दाट कल्चरला पांढरा दिवा वाईट नाही.

रोज एक काम करा. प्रकाशमापक टाकीच्या मागच्या बाजूला धरा. आकडा मोठा असेल तर प्रकाश वाया चाललाय, कल्चर दाटू द्या. पार शून्य असेल तर मागच्या पेशी नुसत्या श्वसन करताहेत. थोडं कल्चर काढा, ताजं माध्यम (पोषक द्रव्यांचं पाणी) घाला आणि आकडा शून्याच्या किंचित वर येईपर्यंत पुन्हा मोजा.