जोर मारले, हात धरले

(पहाट. कोल्हापुरातली एक जुनी तालीम. फावड्याचा आवाज.)

कोल्हापूर. पहाटेचे पाच. तालमीत पोरं हौद खणतायत. कुस्ती मागाहून, आधी माती मोकळी करायची. लाल माती, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल आणि कापूर मुरवलेला. फावडं हाणायचं, ओढायचं, माती पालथी करायची. पाळी संपेपर्यंत मनगटापासून खांद्यापर्यंत हात भरून येतो. शहरातल्या जिममध्ये असल्याच मेहनतीचे वर पैसे मोजावे लागतात.

राजर्षी शाहू महाराजांनी या गावात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पण आज तालमीत येणारा प्रत्येकजण मैदान मारायला येत नाही. कुणाला पोट उतरवायचंय, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाला शर्टाची बाही घट्ट बसायला हवीय. वस्ताद सगळ्यांना एकाच जागी उभं करतात. जोर.

(जोर मारणारे हात, जवळून.)

नीट बघा. पंजे जमिनीवर रोवलेले, पाय फाकलेले, कंबर वर. मग डोकं खाली जातं, छाती मातीला लागते न लागते अशी पुढे सरकते आणि मान वर उचलत अंग कमानीसारखं उभं राहतं. पुन्हा कंबर मागे. दंडाचा मागचा भाग, खांदा, छाती, पोट, सगळे एका दमात कामाला लागतात. पलीकडे एकजण मुद्गल फिरवतोय. लाकडाचं वजन पाठीमागून वळवून पुढे आणायचं तर मूठ ढिली पडून चालत नाही. पकड तिथे तयार होते, आणि पकड नसेल तर कुस्तीत नुसत्या फुगलेल्या दंडाचा काही उपयोग नाही.

नवा पोरगा पहिल्या दिवशी चेव येऊन दम तुटेस्तोवर जोर काढतो. संध्याकाळी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नाही, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. तालमीच्या भाषेत, अंग धरलं.

वर्षानुवर्षं याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडलं जातं. पण ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं. ज्याचा मागमूस उरला नाही, ते दोन दिवसांनी दुखवणार कसं? खरं कारण वेगळं. स्नायू भार पेलत असतानाच लांबतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. मग तिथे सूज येते, दुरुस्ती सुरू होते, नसा हुळहुळ्या होतात. जोर मारताना छाती सावकाश खाली नेता, तेव्हा हेच घडतं. बैठकीत खाली बसताना मांड्यांचं तेच. दोर चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी दंड ठणकतात ते बहुतेक हळूहळू उतरल्यामुळे.

(चहाची गाडी. वडापावचा घाणा.)

आता एक समज. दुखतंय म्हणजे चरबी जळतेय. नाही. दुखण्याचा आणि चरबीचा काही संबंध नाही. दंडाचा व्यायाम केला म्हणून दंडाचीच चरबी जात नाही. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. खेळायचा हात जाड होता, पण तो स्नायूंनी. त्वचेखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. ती कुठून आधी उतरणार हे शरीर ठरवतं, आणि पोट बहुधा रेंगाळतं.

हिशेबही जरा कडूच आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ७० किलोचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर दीडशेच्या आसपास खर्चतो. म्हणजे ताटाकडे बघावंच लागतं. घाम गाळून वजनाच्या गटात बसणारे पैलवान असतात, पण ते उतरलेलं असतं पाणी. दोन तांबे प्यायले की परत.

खुराकाचं तर विचारूच नका. दूध, तूप, बदामाची थंडाई हे दिवसातून दोनदा घाम गाळणाऱ्याचं खाणं. गावोगावचे जुने पैलवान आठवा. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही, आणि पोट सदऱ्याबाहेर. नव्या पोरांनी यातलं एवढंच उचलावं की प्रथिनं हवीत. दूध, अंडी, डाळ, उसळ, मटकी, काहीही चालेल. तुपाची घाई नको.

(मालिश. तेलाचे हात.)

अंग धरल्यावर काय करायचं? तालमीत पोरं एकमेकांना रगडतात, आणि मालिशनं थोडा उतार पडतोही. व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणून मात्र फारसा फरक पडत नाही. चालावं, हात हलते ठेवावेत, झोप पुरी घ्यावी, दुसऱ्या दिवशी भार कमी घ्यावा. दोन-चार दिवसांत आपोआप सुटतं. आणि तोच व्यायाम आठवड्याभरानं केला तर निम्मंही दुखत नाही, कारण शरीर त्याला सरावतं. पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढतात ते मुख्यतः मेंदू आणि नसा तालात आल्यामुळे. दंड भरायला महिने लागतात.

म्हणूनच वस्ताद पहिल्या दिवशी थोडक्यात थांबवतात. तरीही कुणी ईर्षेनं शेकड्यांनी जोर-बैठका काढल्या, हातपाय सुजून दगड झाले आणि लघवी गडद, कोऱ्या चहासारखी झाली, तर ते साधं दुखणं नव्हे. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर ताण आणतंय. अशा वेळी मालिश करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.